खाऱ्या विहिरींची यादी

चवबाई विहिरीकडे येताना दिसली की खालच्या वस्तीतली माणसं हातातलं काम टाकून गोळा व्हायची. तिचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपटावर होतं, आणि ते तिथंच पडून होतं. खाडीकाठच्या एक्केचाळीस विहिरींवर ती चवबाईच. पाणी तपासायला सरकारने तिला मीटर दिलं होतं, पण मीटर बुडवण्याआधी ती बोटाने एक थेंब जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि खारेपणाचा आकडा सांगायची. मग मीटर. शंभराचा फरक पडला तर पडला. त्यावर माणसं पैजा लावायची, हरणारा जिंकणाऱ्याच्या घरचे दोन हंडे भरून द्यायचा.

गेली तीन वर्षं मात्र पैजा बंद होत्या. समुद्र पुढे सरकला होता, नदी आटली होती, आणि जमिनीखालून खारं पाणी गुपचूप आत शिरलं होतं. पाचशेपर्यंत पाणी पिण्याजोगं धरतात. खालच्या वस्तीच्या विहिरीत ती पहिल्या वर्षी बाराशे म्हणाली, दुसऱ्या वर्षी सव्वीसशे, आणि तिसऱ्या वर्षी थेंब जिभेवर ठेवल्याबरोबर थुंकून टाकून म्हणाली, "एकोणचाळीसशे." मीटर म्हणालं, अडतीसशे साठ. तेव्हा कुणी हसलं नाही. एकशे चौदा माणसं तेच पाणी पीत होती.

त्या एकशे चौदांमध्ये तिची सख्खी ताई होती, आणि ताईची मुलगी बारकी, जी आता आठव्या महिन्यात होती. बारकीचा नवरा दूरच्या बोटीवर कामाला होता, सहा-सहा महिने न येणारा.

त्या तिसऱ्या वर्षी चवबाईने एक शहाणपणा केला. तिच्या तपासणी अर्जात शेवटचा रकाना होता, "पाण्याअभावी स्थलांतराची शक्यता". त्यात तीन पर्याय. नाही, काही जण, संपूर्ण कुटुंब. दोन वर्षं तिने इमानदारीत "नाही" भरलं होतं, कारण खालच्या वस्तीतल्या माणसांना हलवायचं म्हणजे वड उपटायचा. आणि दोन वर्षं टँकरची मागणी कुठल्यातरी कपाटात झोपली होती. मग टँकर विभागातल्या म्हाताऱ्या कारकुनाने तिला कानात सांगितलं, "बाई, नुसती तहान लिहून फाइल वर जात नाही. माणसं उठून शहरात येतील असं लिहा. मग बघा कशी धावते." तिला ते पटलं. तिने एक्केचाळीस विहिरींवरच्या घराघरापुढे "संपूर्ण कुटुंब" अशी खूण केली. माणसांची नावं, वयं, ओळखपत्रांचे क्रमांक, सगळं तिच्या वळणदार अक्षरात. लोकांनीही विश्वासाने दिलं. चवबाई मागतेय म्हणजे टँकर येणार.

ताईने तेव्हाच तिला झापलं होतं. "आम्ही कुठं जाणार गं? कुणी सांगितलं तुला आम्ही जाणार म्हणून?"

"ताई, ते नुसतं कागदावर आहे."

"कागदावर तरी खोटं कशाला? माझी भाजी, माझी जाळी, माझं दार. मी इथून हलणार नाही, लिही तसं."

चवबाई हसली होती. ती आठवण झाली की आता तिला स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटे.

कारण फाइल खरंच धावली. फक्त टँकर विभागाकडे नाही. त्याच वर्षी वरच्या शहाण्यांनी एक मोठी परिषद भरवली, थंडगार सभागृहात तीन दिवस बसले आणि ठरवलं, की हवामान बदल हा आता सुरक्षेचा प्रश्न आहे. ऐकायला किती छान! चवबाईलाही आधी बरंच वाटलं होतं. सुरक्षा म्हणजे आपल्या माणसांची सुरक्षा, असं तिला वाटलं. पण ज्यांच्या विहिरीत समुद्र शिरला त्यांच्यापासून शहराची सुरक्षा, असा त्याचा अर्थ निघाला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. समुद्राला कुणी अडवलं नाही. ज्यांच्या धुराने समुद्र चढला त्यांनाही कुणी विचारलं नाही. खाडी आणि शहर यांच्यामधल्या पुलावर मात्र एक पट्ट्यापट्ट्यांची लोखंडी दांडी बसली, तिच्या बाजूला टपरीएवढी चौकी, आणि चौकीत एक यंत्र. ओळखपत्र त्यावर टेकवलं की दिवा लागे. हिरवा लागला तर जा. लाल लागला तर परवाना आणा, तीन दिवसांनी या.

खाऱ्या विहिरींच्या एक्केचाळीस वस्त्या लाल होत्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. कुणाची यादी वापरली हे चवबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. एकदा तिच्या विभागाच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर तिने तो नकाशा पाहिला होता. वर मथळा होता, "संभाव्य अस्थिर लोकसंख्या". खाली तिचे आकडे, तिच्या नावांची यादी, तिने केलेल्या खुणा. एका घराच्या नावात तिचा काना द्यायचा राहिला होता, तो तिथंही राहिला होता.

तरी ती गप्प बसली. तिघाचौघांपाशी चरफडली, कारकुनाशी भांडली, आणि पुन्हा बाटल्या भरायला गेली. दुसऱ्याचं घर लाल झालं की माणूस चरफडून थांबतो, हे तिने स्वतःबद्दल नंतर कबूल केलं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ती प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत असताना ताईचा फोन आला.

"बारकीला परत पाठवलं गं."

"कुठून परत?"

"पुलावरून. पाय हे एवढे सुजलेत. डोळ्यांपुढे काजवे दिसतायत म्हणते. आपल्या इथल्या नर्सने दाब बघितला, एकशे सत्तरच्या वर. म्हणाली, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, चिठ्ठीपण दिली. आम्ही रिक्षा केली. तर तो दांडीवाला म्हणतो, लाल आहे. परवाना आणा."

"चिठ्ठी दाखवली नाहीस?"

"दाखवली की. म्हणाला, आजी, चिठ्ठी मला वाचता येते, यंत्राला येत नाही."

नर्स गेले दोन महिने एकच सांगत होती, हे खारं पाणी पोटुशी बाईने पिऊ नये. रक्ताचा दाब चढतो, आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतू शकतं. तिचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, कारण दुसरं पाणी आणायचं कुठून? चवबाई दर रविवारी स्कूटरवर दोन कॅन नेऊन द्यायची. बारकी त्यातलं निम्मं शेजारच्या पोरांना वाटून टाकायची आणि मावशीला खोटंच सांगायची, "सगळं मीच प्यायले."

सुरक्षा विभाग त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर होता. चवबाई हातमोजे न काढताच वर गेली. सुरक्षासाहेब तरुण होते, चष्मा लावणारे, हळू बोलणारे. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाटलीबंद.

"वैद्यकीय परवाना आहे ना," ते म्हणाले. "अर्ज केला की दोन दिवसांत मिळतो."

"दोन दिवसांत ती मरेल साहेब."

"तुमची भावना मला समजते. पण लाल भागातून एकाला सोडलं की दहा येतात. यात माणसांवर राग नाही, बाई. हा जोखमीचा हिशोब आहे."

"जोखीम कोण? आठ महिन्यांची पोटुशी?"

साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. खालच्या वस्तीचा ठिपका लाल होता. त्यावर बोट ठेवताच तिचंच वाक्य उघडलं. पाण्याची क्षारता अडतीसशे साठ. स्थलांतराची शक्यता, संपूर्ण कुटुंब. तपासणीस, तिची सही.

"हे तुम्हीच लिहिलंय," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"टँकर यावा म्हणून लिहिलं. खोटं होतं ते. कुणी कुठं जाणार नव्हतं."

"असेलही. पण ठिपक्याचा रंग पाण्यावरून ठरतो. पाणी पाचशेच्या खाली आलं तर माणसांना जायचं कारण उरत नाही, मग ठिपका आपोआप हिरवा होतो. तुम्हाला फेरतपासणीचा अधिकार आहे. विहिरीवर जाऊन नवा आकडा भरा, कठड्यावर मीटरचा फोटो काढा. पाच मिनिटांत दांडी उघडेल." साहेबांनी चष्मा पुसला. "आम्हालाही वर्षअखेरपर्यंत लाल ठिपके कमी करायचेच आहेत."

चवबाईला कळायला थोडा वेळ लागला. "आणि टँकर?"

"गोड विहिरीला टँकर कशाला? ती मागणी बंद होईल."

ती उठली. समोरचं पाणी तिने प्यायलं नाही, पण बाटली उचलून पिशवीत टाकली.

स्कूटरवर खालची वस्ती अर्ध्या तासावर. वाटेत पुलावर तिच्या कार्डाला हिरवा दिवा लागला, तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. विहिरीपाशी बारकी रिक्षातच बसलेली होती, मान मागे टाकून. "मावशी, डोकं फुटतंय गं," एवढंच म्हणाली. ताई तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती, खाऱ्याच पाण्याचं.

चवबाईने माणसं गोळा केली. विहीर एक, ती सगळ्यांची, म्हणून एकट्या ताईच्या घराचा आकडा बदलता येत नव्हता. तिने काही लपवलं नाही. तो रकाना आपण कसा भरला, यादी कुठं गेली, साहेब काय म्हणाले, सगळं सांगितलं.

"म्हणजे आम्ही लाल झालो ते तुझ्यामुळे?" एका बाईने विचारलं. तिचा नवरा परवान्याच्या फेऱ्यात कामाला मुकला होता.

"हो."

"आणि आता टँकर पण घालवणार?"

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

मग जाळी विणणारे काका कठड्यावरून उतरले. त्यांना सगळे तिरसट म्हणून टाळायचे. "तीन वर्षं आपण टँकरची वाट बघतोय," ते म्हणाले. "कुणी बघितलाय का तो टँकर? रंग तरी ठाऊक आहे का कुणाला? नसलेला टँकर देऊन असलेली पोर वाचत असेल, तर विचार कसला करताय?"

ती मघाची बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "लिही गं बाई, गोड लिही. लवकर लिही."

चवबाईने पिशवीतून साहेबांची बाटली काढली, पेल्यात ओतली, पेला विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्यात मीटर बुडवलं. तीनशे दहा. आयुष्यात पहिल्यांदा तिने न चाखता आकडा भरला. फोटो काढला, तर फोनने दोनदा सांगितलं, स्पष्ट फोटो काढा. तिसऱ्यांदा त्याने घेतला. रिक्षा सुटली. पुलावर ताईने तिघींची कार्डं टेकवली, हिरवा दिवा लागला, दांडी वर गेली.

बारकीचं पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगी, पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण श्वास घेणारी. बारकीला शुद्धीवर यायला दीड दिवस लागला. डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "हिची मूत्रपिंडं दुखावलीत. ते पाणी पुन्हा पोटात जाता कामा नये. बाळाच्याही नाही. घरी नेऊ नका यांना."

"मग कुठं नेऊ?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंना पुढच्या खाटेवर जायचं होतं.

पंधरा दिवसांनी चवबाईच्या टेबलावर दोन कागद आले. पहिला टँकर विभागाचा. खालच्या वस्तीची विहीर गोड झाल्याने मागणी कायमची निकाली. दुसरा पाचव्या मजल्याचा, जाड कागदावर. सुरक्षा विभागाच्या परिणामकारक उपाययोजनांमुळे एक ठिपका धोक्याबाहेर आल्याबद्दल अभिनंदन, आणि तपासणीस बाईंनी उरलेल्या चाळीस विहिरींवरही असंच तत्पर काम करावं अशी अपेक्षा. म्हणजे पुलावर दांडी लावली आणि जमिनीखालचा समुद्र घाबरून मागे गेला! तिने तो कागद दोनदा वाचला. मग मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन तो त्यांच्या टेबलावर आपटला. "एकोणचाळीसशे आहे ते पाणी. मी खोटं लिहिलंय. माझ्यावर कारवाई करा आणि टँकर पाठवा."

मोठे साहेब तिला वीस वर्षं ओळखत होते. उठून त्यांनी दार लोटलं. "हळू बोल. तू खोटं लिहिलंस म्हटलं तर दांडी पुन्हा पडेल. टँकर येईलच असं नाही. दांडी मात्र नक्की पडेल."

ते खरं होतं, म्हणून ती जास्तच संतापली. अशी कशी ही व्यवस्था, की जिच्यात खरं बोललं तरी माणसं मरतात आणि खोटं बोललं तरी मरतात? साहेबांना तिने तसंच विचारलं. त्यांनी तो कागद घडी घालून तिच्या हातात परत दिला. शेवटी म्हणाले, "पुढच्या सोमवारी सुरक्षावाल्यांची स्वतःची तपासणी आहे. सगळ्या हिरव्या ठिपक्यांची. तुझ्या कानावर असावं."

ही बातमी तिने त्याच संध्याकाळी ताईला सांगितली. ताईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हणजे रविवारपर्यंत वर आहे ती दांडी."

"ताई, तूच म्हणायचीस, मी हलणार नाही."

"म्हणायचे. टँकर येईल या आशेवर म्हणायचे. आता तो येणार नाही हे सरकारनेच लिहून दिलंय. नात त्या बाजूला, पाणी त्या बाजूला, आणि सोमवारपासून मी या बाजूला बंद. बसू कशाला? तू काढलेला फोटो बघत?"

रविवारी सकाळी आठ वाजता खालची वस्ती पुलावर आली. चवबाई आधीच येऊन थांबली होती. डोक्यावर गाठोडी, हातगाडीवर भांडी, एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललेलं, जाळीवाल्या काकांच्या खांद्यावर जाळ्यांचा भारा. या माणसांना खरंच कधी जायचं नव्हतं. सरकारला ज्याची भीती वाटत होती, ते सरकारने स्वतःच्या हाताने घडवून आणलं होतं, आणि चवबाईने त्यात पहिली वीट ठेवली होती.

दांडीवाला गोंधळला. एकेक कार्ड टेकवलं जात होतं आणि दरवेळी हिरवा दिवा लागत होता. "आजी, सगळे कुठं चाललात?"

"शहरात," ताई म्हणाली.

"कारण लिहावं लागतं."

"पाणी."

त्याने यंत्रात बोटं चालवली. "घेत नाही हे. तुमची विहीर गोड दाखवतंय. गोड विहिरीला पाणी हे कारण चालत नाही."

"मग ठेव रिकामं," असं म्हणून ताई दांडीखालून पलीकडे गेली.

साठेक माणसं पार झाली असतील, तेवढ्यात पाचव्या मजल्याची गाडी करकचून थांबली. पडद्यावर गर्दी दिसली असणार. सुरक्षासाहेब उतरले. रविवार असल्यामुळे अंगात घरचा सदरा होता, आणि त्यात ते आणखीच पोरगेले दिसत होते.

"हे काय चाललंय? कुणी सांगितलं यांना निघायला?"

"तुम्ही," चवबाई म्हणाली. "टँकर बंद केलात तेव्हा."

"टँकर तुम्ही बंद केलात. तो आकडा तुमचा आहे!"

"माझा आहे. आधीचाही माझाच होता. तो खरा होता साहेब, तीन वर्षं खरा होता, तेव्हा तुम्ही पाण्याचा एक थेंब पाठवला नाहीत. दांडी मात्र आठवड्यात पाठवलीत. एका पोटुशीला अडवायला तुमच्याकडे लोखंड होतं, वीज होती, यंत्र होतं, माणूस होता. तिला प्यायला द्यायला काही नव्हतं. लाज वाटत नाही?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते दांडीवाल्याकडे वळले. "खाली घे. फेरतपासणी होईपर्यंत सगळं बंद."

पुलावर अजून पन्नासएक माणसं उरली होती. म्हाताऱ्याची खुर्ची मागेच होती, आणि ज्या बाईने "लिही गं बाई" म्हटलं होतं ती दोन मुलांचे हात धरून तिच्याही मागे होती. चवबाई चार पावलं चालून बरोबर दांडीखाली जाऊन उभी राहिली. मागे वळून तिने हातानेच सगळ्यांना खूण केली, चला.

"खाली घे म्हणतोय ना!"

दांडीवाल्याने दांडीच्या बटणावर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. खुर्चीवाला म्हातारा तिच्या शेजारून पलीकडे गेला. मग ती दोन मुलांची आई.

"साहेब," दांडीवाला म्हणाला, "खाली बाई उभ्या आहेत."